रूबेन गोल्ड थ्वेट्स

रूबेन गोल्ड थ्वेट्स (१५ मे १८५३ – २२ ऑक्टोबर १९१३) हे अमेरिकन इतिहासकार, संपादक व ग्रंथपाल होते. १८८७ पासून मृत्यूपर्यंत ते विस्कॉन्सिन राज्य इतिहास संस्थेचे सचिव होते. राज्याचा स्थानिक इतिहास संशोधकांच्या कपाटांतून बाहेर काढून सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेणारे प्रशासक म्हणून ते ओळखले जातात.

पूर्वायुष्य

थ्वेट्स यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील डॉर्चेस्टर येथे झाला. त्यांचे आईवडील इंग्लंडमधील यॉर्कशायरहून आलेले होते. १८६६ मध्ये हे कुटुंब विस्कॉन्सिनमधील ओम्रो येथे स्थायिक झाले. तेथे त्यांनी शेतीची कामे केली, शाळेत शिकवले आणि महाविद्यालयीन अभ्यासक्रम घरीच पुरा केला. ऑशकॉश येथील एका वृत्तपत्रात बातमीदारी केल्यावर १८७४-७५ मध्ये ते येल विद्यापीठात शिकले. १८७६ मध्ये ते मॅडिसन येथे आले व 'विस्कॉन्सिन स्टेट जर्नल' या दैनिकाच्या संपादन विभागात रुजू झाले. त्यांच्या पुढील लेखनातील वेग आणि सुबोधता या पत्रकारितेतून आली, हे उघड आहे. १८८२ मध्ये त्यांचा विवाह जेसी टर्विल यांच्याशी झाला. त्यांचे पुत्र फ्रेड्रिक हे पुढे भूगर्भशास्त्रज्ञ झाले.

ड्रेपर यांचा वारसा

१८४६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था खऱ्या अर्थाने उभी राहिली ती लायमन ड्रेपर यांच्यामुळे. १८५४ मध्ये ते सचिव झाले, तेव्हा संस्थेचे सारे ग्रंथालय काचेच्या एका लहानशा कपाटात मावत होते. पुढील बत्तीस वर्षांत ड्रेपर यांनी ते देशातील मोठ्या संग्रहांपैकी एक केले. त्याखेरीज सरहद्दीवरील वसाहतकाळाची हस्तलिखिते त्यांनी गावोगाव फिरून, वृद्धांच्या मुलाखती घेऊन आणि पत्रांचा पाठपुरावा करून स्वतःसाठी जमवली होती. या सामग्रीतून अनेक चरित्रे लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. त्यांतील फार थोडे पुरे झाले. डॅनियल बून यांचे चरित्र अपूर्णच राहिले. कागद जमत गेले, पण ते इतरांना सहजी पाहता येत नव्हते. ज्यांनी घरातील मूळ पत्रे त्यांच्या हवाली केली होती, अशा काही कुटुंबांची ती परत न मिळाल्याची तक्रारही होती.

थ्वेट्स १८८५ मध्ये ड्रेपर यांचे साहाय्यक झाले आणि १८८७ च्या आरंभी त्यांच्या जागी आले. १८९१ मध्ये ड्रेपर यांच्या मृत्यूनंतर मृत्युपत्रान्वये त्यांची हस्तलिखिते संस्थेकडे आली. थ्वेट्स यांनी ती लावून, बांधून अभ्यासकांना खुली केली. संस्थेच्या संग्रहात काय काय दडले आहे याची कल्पना १८९३ मध्येच आली. लुईस व क्लार्क यांच्या मोहिमेत वाटेतच मरण पावलेल्या सार्जंट चार्ल्स फ्लॉइड यांची रोजनिशी थ्वेट्स यांना तेथेच सापडली. इतकी वर्षे ती कोणाच्याही लक्षात आली नव्हती.

लोकांपर्यंत इतिहास

थ्वेट्स यांनी स्वतः क्षेत्रकार्य केले. ग्रीन बे येथील जुन्या फ्रेंच व्यापारी घराण्यांची कागदपत्रे त्यांनी संस्थेकडे आणली. १८८७ मध्ये त्यांनी हो-चंक समाजातील वृद्ध स्पून डेकोरा यांची मुलाखत दुभाष्यामार्फत नोंदवून घेतली. पांढऱ्या वसाहतकारांच्या आठवणी जमवणे तेव्हा रूढ होते. ज्यांची जमीन गेली त्यांचे कथन छापणे तितके रूढ नव्हते. संस्थेच्या 'कलेक्शन्स' या मालेचे अकरावा ते विसावा हे खंड त्यांनी संपादित केले.

१८९७ च्या राज्य कायद्यानुसार गावोगावच्या इतिहास मंडळांना राज्य संस्थेशी संलग्न होण्याची सोय झाली. थ्वेट्स यांनी अशा मंडळांना प्रोत्साहन दिले. शाळकरी मुलांसाठी त्यांनी १९०० मध्ये 'स्टोरीज ऑफ द बॅजर स्टेट' हे पुस्तक लिहिले. नद्यांवरून होडीने प्रवास करून लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकांत भूगोल व इतिहास एकत्र येतात. 'हिस्टॉरिक वॉटरवेज' (१८८८) हे रॉक, फॉक्स व विस्कॉन्सिन या नद्यांवरील सुमारे सहाशे मैलांच्या प्रवासाचे वर्णन आहे. ओहायो नदीवरील प्रवासात पत्नी व लहान मुलगाही त्यांच्याबरोबर होते.

नवी इमारत

संस्थेचा संग्रह राज्याच्या कॅपिटॉल इमारतीत होता. तेथे जागा अपुरी होती आणि आगीची भीतीही होती. स्वतंत्र अग्निरोधक इमारतीसाठी थ्वेट्स यांनी विधिमंडळाकडे सातत्याने पाठपुरावा केला. विद्यापीठाच्या आवारातील ही वास्तू १९०० मध्ये खुली झाली. विद्यापीठाचे ग्रंथालयही त्याच छताखाली आल्याने विद्यार्थी आणि मूळ कागदपत्रे यांतील अंतर फार कमी झाले. फेब्रुवारी १९०४ मध्ये कॅपिटॉल आगीत बहुतांशी भस्मसात झाले. यादवी युद्धातील विस्कॉन्सिनच्या पलटणीचा प्रसिद्ध गरुड 'ओल्ड एब' याचा पेंढा भरलेला देह त्या आगीत नष्ट झाला. तो काही काळ संस्थेच्या नव्या इमारतीत होता, पण आगीच्या थोडे आधीच कॅपिटॉलमध्ये परत नेण्यात आला होता. संस्थेचा संग्रह मात्र सुखरूप राहिला.

संपादनकार्य

'द जेझुइट रिलेशन्स' (७३ खंड, १८९६–१९०१) ही थ्वेट्स यांची सर्वांत ख्यातनाम संपादने होत. यात न्यू फ्रान्समधील जेझुइट धर्मप्रसारकांचे वृत्तांत मूळ भाषेत व समोरच्या पानावर इंग्रजी अनुवादासह दिले आहेत. त्यानंतर त्यांनी 'अर्ली वेस्टर्न ट्रॅव्हल्स' (३२ खंड, १९०४–१९०७) व लुईस आणि क्लार्क यांच्या मूळ रोजनिशा (८ खंड, १९०४–०५) संपादित केल्या. ही कामे एकट्याची नव्हती. एमा हेलन ब्लेअर, लुईझ फेल्प्स केलॉग आणि इतर सहकाऱ्यांचा त्यांत मोठा वाटा होता. केलॉग यांच्यासह त्यांनी ड्रेपर यांच्या हस्तलिखितांतील निवडक कागदपत्रेही प्रकाशित केली. या वेगाची किंमतही होती: लिप्यंतर व टीपा सर्वत्र सारख्या काटेकोर नाहीत. लुईस व क्लार्क यांच्या रोजनिशांची नवी, अधिक चिकित्सक आवृत्ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाली.

१८९९-१९०० मध्ये ते अमेरिकन ग्रंथालय संघाचे अध्यक्ष होते. राज्य व स्थानिक इतिहास संस्थांच्या कार्यपद्धतींचा आढावा घेणाऱ्या अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या समितीतही त्यांनी काम केले.

निधन

२२ ऑक्टोबर १९१३ रोजी मॅडिसन येथे त्यांचे निधन झाले. इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी त्यांच्यावर स्मृतिलेख लिहिला. संस्थेची सूत्रे मायलो क्वेफ यांच्याकडे आली. थ्वेट्स यांना मिळू न शकलेली सार्जंट जॉन ऑर्डवे यांची रोजनिशी १९१३ मध्येच उजेडात आली. क्वेफ यांनी १९१६ मध्ये ती संस्थेतर्फे प्रसिद्ध केली.