वर्षात दिवस नेमके किती? 1500 वर्षांपूर्वी हिशेब मांडणारे आर्यभट

आपलं वय दिवसांत मोजायचं असेल तर आपण काय करतो? वर्षांना 365 ने गुणतो. पण हा हिशेब थोडा चुकतो, कारण वर्ष बरोबर 365 दिवसांचं नसतं. वरचे काही तास उरतातच. हे तास आर्यभटांनी 1500 वर्षांपूर्वी मिनिटांपर्यंत मोजले होते.

आर्यभटांचा जन्म इ.स. 476 चा. हे सालही हिशेबातूनच मिळतं. कलियुगाची 3600 वर्षं झाली तेव्हा आपण 23 वर्षांचे होतो, अशी नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. कलियुगाची सुरुवात इ.स.पू. 3102 धरतात. शून्य साल नसल्यामुळे 3600 वर्षांनी येतं इ.स. 499. त्यातून 23 वजा केले की 476.

त्यांच्या 'आर्यभटीय' ग्रंथात कुसुमपूरचा, म्हणजे आजच्या पाटण्याचा उल्लेख आहे. ग्रंथाचे चार भाग आहेत. त्यातल्या 'कालक्रियापाद' या भागात कालगणना आहे. दिवसाच्या 60 नाडी, एका नाडीच्या 60 विनाडी. नाडी म्हणजे आपली घटका, 24 मिनिटांची. विनाडी म्हणजे पळ, 24 सेकंदांचं.

मग वर्षाचे दिवस कसे काढले?

अपूर्णांक टाळण्यासाठी त्यांनी एक प्रचंड मोठा काळ घेतला. 43,20,000 वर्षांचं एक युग आणि त्यात 1,57,79,17,500 दिवस. दोन्ही आकड्यांना 7,500 ने भागलं की सोपं रूप मिळतं: 576 वर्षं म्हणजे 2,10,389 दिवस. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार करून बघा. उत्तर येतं 365.2587, म्हणजे 365 दिवस, 6 तास, 12 मिनिटं आणि 30 सेकंद. ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेल्या वर्षाच्या आजच्या आकड्यापेक्षा हे फक्त 3 मिनिटं 20 सेकंदांनी जास्त आहे.

त्याच युगात पृथ्वी स्वतःभोवती 1,58,22,37,500 वेळा फिरते, असंही त्यांनी मांडलं. यातून युगातले दिवस वजा केले तर उरतात बरोबर 43,20,000, म्हणजे वर्षाला एक फेरी जास्त. या आकड्यांवरून पृथ्वीची एक फेरी 23 तास, 56 मिनिटं आणि 4 सेकंदांची ठरते. आजचा आकडाही हाच आहे.

पण पृथ्वी फिरते हे तेव्हा पचणारं नव्हतं. पुढे सातव्या शतकात ब्रह्मगुप्तांनी त्यावर जोरदार टीका केली. आर्यभटीयावर टीका लिहिणाऱ्या काही पंडितांनी तर त्या श्लोकांचा अर्थच फिरवला, म्हणजे पृथ्वी स्थिर राहील. ग्रंथातले आकडे मात्र तसेच राहिले.

19 एप्रिल 1975 रोजी भारताचा पहिला उपग्रह अवकाशात गेला, तेव्हा त्याला नाव दिलं गेलं 'आर्यभट'. तो त्याच फिरणाऱ्या पृथ्वीभोवती घिरट्या घालत होता.