खडा निघाला, पण आजार राहिला: सॅम्युअल पीप्स यांचं आयुष्य आणि तुमचा मुतखडा

मुतखडा पडला किंवा ऑपरेशनने काढला, की बहुतेक रुग्ण पुन्हा दवाखान्यात येत नाहीत. दुखणं थांबलं म्हणजे आजार संपला, असं तुम्हालाही वाटत असेल. रिसोड भागात उन्हाळ्यात आणि सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत पोटदुखीने वाकलेले रुग्ण दवाखान्यात येतात. त्यातल्या अनेकांना आधीही खडा झालेला असतो. म्हणून आज तुम्हाला साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका प्रसिद्ध रुग्णाची गोष्ट सांगतो.

कोण होते पीप्स?

सॅम्युअल पीप्स यांचा जन्म १६३३ मध्ये लंडनला एका शिंप्याच्या घरी झाला. पुढे ते इंग्लंडच्या नौदलाचे मोठे अधिकारी झाले. पण जग त्यांना ओळखतं ते त्यांच्या रोजनिशीमुळे. १६६० ते १६६९ या काळात त्यांनी रोजचं जगणं लघुलिपीत लिहून ठेवलं. पोर्तुगीज गव्हर्नर मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात देत नाही, ही बातमीही त्यांनी मे १६६३ मध्ये नोंदवली आहे. आणि याच वह्यांत त्यांनी स्वतःच्या खड्याचाही हिशेब ठेवला.

दोष पाण्याचा नव्हता

पीप्स यांना लहानपणापासून हा त्रास होता. केंब्रिजला शिकत असताना एका कडक उन्हाच्या दिवशी ते फिरायला गेले आणि तिथल्या झऱ्याचं पाणी भरपूर प्यायले. त्यानंतर तीव्र वेदना सुरू झाल्या. पाण्यामुळेच खडा किडनीतून मूत्राशयात उतरला, असं ते पुढे सांगत.

खडा मात्र त्या पाण्याने तयार झाला नव्हता, तो आधीच होता. लघवी कमी आणि दाट झाली, की तिच्यातले क्षार विरघळलेले राहत नाहीत. कॅल्शियम आणि ऑक्झलेट एकत्र येऊन त्यांचे स्फटिक बनतात आणि त्यांचा हळूहळू खडा होतो. आज आढळणाऱ्या दर दहा मुतखड्यांपैकी साधारण सात-आठ कॅल्शियमचे, आणि त्यातले बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात.

यात घराण्याचाही वाटा असतो. पीप्स यांच्या आईलाही खड्याचा त्रास होता. १६६० मध्ये तिचा एक खडा पडला आणि तो चुलीत गेला. तुमच्या आईवडिलांना किंवा भावंडांना खडा झाला असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. आणि पडलेला खडा फेकू नका. लघवी गाळणीतून गाळा आणि खडा तपासणीसाठी द्या. तो कशाचा आहे, यावर पुढचा उपचार ठरतो.

भूल नसतानाचं ऑपरेशन

२६ मार्च १६५८ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, पीप्स ऑपरेशनला तयार झाले. भूल देण्याची सोय यायला अजून जवळपास दोनशे वर्षं होती. हातपाय बांधून, माणसांनी धरून ठेवून, सर्जन थॉमस हॉलियर यांनी गुदद्वाराच्या पुढच्या भागात छेद घेतला आणि चेंडूएवढा खडा बाहेर काढला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही याच भागातून खडा काढण्याचं वर्णन आहे.

पीप्स वाचले. तो खडा त्यांनी खास डबीत जपून ठेवला. दरवर्षी २६ मार्चला जेवण देऊन ते हा दिवस साजरा करायचे.

पण प्रवृत्ती गेली नाही

पुढेही त्यांना दुखण्याचे झटके येत राहिले. थंडी बाधते असं त्यांना वाटे, म्हणून ते थंडीला जपायचे. १६६५ मध्ये आणखी दोन छोटे खडे लघवीतून पडले. तरीही त्यांचं काम थांबलं नाही. ते नौदलाचे सचिव झाले, नंतर रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांचं नाव आहे.

१७०० मध्ये ऑपरेशनची जुनी जखम पुन्हा उघडली. २६ मे १७०३ रोजी ते वारले. शवविच्छेदनात डाव्या किडनीत एकमेकांना चिकटलेले सात खडे निघाले. त्यांचं वजन सुमारे १२५ ग्रॅम होतं. मूत्राशयातला खडा निघाला, पण किडनीत खडे बनतच राहिले.

त्यांच्याकडे नव्हतं, ते तुमच्याकडे आहे

*तपासणी:* सोनोग्राफीत किडनीतले बरेच खडे दिसतात. मूत्रनलिकेतला खडा सीटी स्कॅनमध्ये नेमका कळतो. सोबत लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन, कॅल्शियम, युरिक ॲसिड तपासतात.

*उपचार:* ५ मिमीपेक्षा लहान खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. मोठ्या किंवा अडकलेल्या खड्यासाठी ध्वनिलहरी, दुर्बीण किंवा पाठीतून छोट्या छिद्राद्वारे शस्त्रक्रिया करतात.

*पुन्हा होऊ नये म्हणून:* काळजी घेतली नाही तर दहा वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांना पुन्हा खडा होतो. म्हणून हे पाळा:

- दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. शेतात जाताना बाटली सोबत ठेवा. लघवी पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.
- दूध, दही, ताक बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं. ते बंद केलं तर खड्याचा धोका वाढतो. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नका.
- मीठ, लोणचं, पापड कमी करा. जास्त मिठामुळे लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. मांसाहारही बेताचा ठेवा.
- पालक, चुका, राजगिरा, बीट, बदाम प्रमाणात खा. टोमॅटोच्या बियांनी खडा होतो हा गैरसमज आहे.
- साखर-मीठ न घालता लिंबूपाणी घ्या. त्यातलं सायट्रेट खडा बनायला अडथळा करतं.

लगेच दवाखान्यात कधी जायचं?

दुखण्यासोबत थंडी वाजून ताप, लघवी बंद होणं किंवा थांबत नसलेल्या उलट्या असतील, तर थांबू नका. एकच किडनी असेल किंवा गर्भवती असाल, तर साध्या दुखण्यालाही लगेच दाखवा. अडलेल्या लघवीत संसर्ग झाला, तर काही तासांत जिवावर बेतू शकतं.

पीप्स दरवर्षी एक दिवस आपल्या खड्याची आठवण ठेवत. तुम्हीही वर्षातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी डॉक्टरांना भेटा, गरज असेल तर सोनोग्राफी करून घ्या. बाकीचे दिवस पाणी पीत राहा.