बावीस सप्तमांशाचा धनी

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत गोल टाकीसाठी पत्रा कापण्यापूर्वी कारागीर व्यासाला २२/७ ने गुणतो, तेव्हा मला आर्किमिडीज आठवतो. सिसिलीतल्या सिरॅक्यूज या ग्रीक नगरात तो इ.स.पू. २८७ च्या सुमारास जन्मला. वर्तुळाच्या आतबाहेर ९६ बाजूंच्या आकृत्या बसवून त्याने दाखवले, की परीघ व्यासाच्या २२/७ पटीहून किंचित कमी भरतो. रोमनांचा वेढा पडला तेव्हा त्याच्याच यंत्रांनी शत्रूला थोपवले; पण इ.स.पू. २१२ मध्ये नगर पडले आणि तोही मारला गेला. त्याच्या आवडत्या सिद्धांतातले गोल आणि नळकांडे थडग्यावर कोरले होते. तेही झुडपांत हरवले, इ.स.पू. ७५ मध्ये सिसेरोने शोधून काढले. आज मुलांची गणिताची वही उघडून पाहा. माझ्या मते त्याचे खरे स्मारक तिथे आहे.