डिग्रीनंतरचे ३५२ दिवस

मेडिकलला नंबर लागला की घरी पेढे वाटले जातात, गल्लीत बॅनर झळकतो. धाराशिवलाही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे एप्रन घातलेला एखादा मित्र तुमच्याही ओळखीचा असेल. त्याला आपण विचारतो, अ‍ॅनाटॉमी लई अवघड असते का रे? पण दिवसभर पेशंटजवळ उभा राहतोस, तुझ्या तब्येतीचं काय, असं कधी विचारलंय का?

आनंदीबाई जोशींचं नाव तुम्ही शाळेपासून ऐकलंय. आज त्यांची गोष्ट या प्रश्नाच्या बाजूने वाचा.

जन्म ३१ मार्च १८६५. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले नाहीत, ही सल कायम राहिली. त्यातूनच त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं.

१८८३ मध्ये, पतीला मागे ठेवून, अठरा वर्षांची ही मुलगी कोलकात्याहून बोटीने अमेरिकेला निघाली. ताप, डोकेदुखी, अशक्तपणा आधीपासूनच मागे लागले होते. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. तिथली कडाक्याची थंडी सोसेना, जेवणाचेही हाल झाले. तरी अभ्यास सुटला नाही. ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. पण अमेरिकेतच क्षयाने त्यांना गाठलं.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या वॉर्डाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या, पण कामावर रुजू होताच आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. बाविसावा वाढदिवस महिनाभरावर आला होता. डिग्री मिळून मोजून ३५२ दिवस झाले होते.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता, म्हणजे आनंदीबाई निघाल्या त्याच्या आदल्या वर्षी. पण त्यावर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ उजाडलं. तोवर डॉक्टरही हतबल होते.

आज औषध आहे, तरी धोका संपलेला नाही. क्षय हवेतून पसरतो. खोकणाऱ्या पेशंटजवळ तासन् तास उभे राहणारे विद्यार्थी, इंटर्न, निवासी डॉक्टर त्याच्या तावडीत लवकर सापडतात. त्यात रात्रीची ड्युटी, बुडालेलं जेवण, अपुरी झोप. आणि अटेंडन्स जाईल, लोक काय म्हणतील, म्हणून खोकला लपवणं आलंच!

तेव्हा मेडिकलवाल्या दोस्तांनो, वॉर्डात एन-९५ मास्क नीट लावा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन, यातलं काहीही दिसलं तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. साधा क्षय सहा महिन्यांच्या नियमित औषधांनी बरा होतो. हिपॅटायटिस बीची लस आधीच घ्या. सुई टोचलीच तर लाजू नका, लगेच सांगा. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात.

आनंदीबाईंची जिद्द जरूर घ्या, पण दुखणं अंगावर काढू नका. आणि तुम्ही मेडिकलला नसाल, तर त्या एप्रनवाल्या मित्राला आज एक फोन कराच.