श्रीगाडगे महाराज आणि न रुसणारा देव

पंढरीची वाट चालणाऱ्या माळकऱ्याला एक गोष्ट कोणी न सांगता ठाऊक असते. गेल्या वर्षी आपण कोणत्या मनाने वारीला गेलो, यंदा कोणत्या मनाने निघालो, घरी पीक आले की बुडाले, सोबतीला होता तो म्हातारा यंदा आहे की गेला, हे सगळे पालटते. विटेवरचा मात्र होता तसाच उभा. आपल्या भक्तीने तो वाढत नाही आणि आपल्या चुकीने तो तोंड फिरवीत नाही. ख्रिस्ती बांधवही आपल्या देवाविषयी हेच मानतात, की त्याचा स्वभाव कधी पालटत नाही, आणि त्या भरवशावर ते संकटात धीर धरतात. तेव्हा ही मिरास एका पंथाची नाही. पण मंडळी, हे मानणे सोपे असते. अंगावर प्रसंग आला म्हणजे किती जणांचे ते टिकते? ज्यांचे टिकले असे एक पुरुष आपल्या वऱ्हाडात होऊन गेले. ते म्हणजे श्रीगाडगे महाराज. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, त्यांना अक्षरओळखही नव्हती. म्हणून त्यांचा देव कसा होता, हे त्यांच्या वागण्यावरूनच ओळखावे लागते.

बाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परिटाचे, आडनाव जानोरकर. बापाचे नाव झिंगराजी, आईचे सखूबाई, आणि मुलाचे नाव ठेवले देबूजी. त्या काळी खेड्यापाड्यांतून देवाला बकरे कापायचे आणि त्या निमित्ताने दारू प्यायची, अशी चाल होती. दुखणे आले की देव कोपला, बकरे दिले की देव निवला, असा हिशेब. त्या निमित्ताची दारू झिंगराजीच्या अंगी लागली आणि तिने त्याला खाल्ले. 1884 साली तो गेला तेव्हा देबूजी आठ वर्षांचा होता. सखूबाईने पोराला घेतले आणि मूर्तिजापूरकडे दापुऱ्याला माहेरी आली.

मामा चंद्रभानजी यांच्याकडे देबूजी वाढला. आधी ढोरे राखली, मग औत धरले. काम असे करायचा की गड्याने बघत राहावे. भजनाचा नाद तिथेच लागला. 1892 साली कुंताबाईशी लग्न झाले. सगळे ठीक चालले होते म्हणावे, तोच मामांच्या जमिनीवर सावकाराची दृष्टी गेली. अडाणी माणसाला वहीतला आकडा काय कळणार? जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धसक्याने मामाही गेले. पुढे सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा देबूजीने औत सोडले नाही, त्यांनाच पिटाळून लावले. आपल्या बाबांच्या चरित्रातला हा प्रसंग काही कीर्तनकार गाळतात. साधुपुरुषाला शोभत नाही म्हणून गाळत असतील. गाळू नये असे मला वाटते. कारण दारू मागणारा देव आणि आकडा वाढवणारा सावकार हे दोघे या पोराने एकाच घरात पाहिले, आणि दोघांची रीत त्याला सारखीच दिसली असली पाहिजे. दोघेही आज राजी तर उद्या नाराज, आणि दोघांचे कधी फिटायचेच नाही. असल्या देवावर भरवसा कोण ठेवील?

त्याने काय केले ते पाहा. पहिली मुलगी झाली. बारशाला जातभाई जमले. रीतीप्रमाणे मटण आणि दारू हवी. देबूजीने गोडाचे जेवण वाढले. लोक चिडले, जातीत बोलणे झाले, देवाचा कोप होईल म्हणून म्हाताऱ्यांनी भिववले. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण जातीच्या पंक्तीबाहेर पडणे म्हणजे त्या काळी काय होते, ते जुन्या माणसांना विचारावे. हा तरणाबांड माणूस, पदरी बायको, लेकरू आणि आई, आणि देवाला बकरे न देता मी निभावीन म्हणून उभा राहिला. देव रुसत नसतो, हे त्याने त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत ठरवून टाकले.

1 फेब्रुवारी 1905 रोजी पहाटे तो घरातून निघाला. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मातीचे गाडगे. ज्याने हाक मारली त्याचे काम करायचे, ज्याने भाकर दिली ती त्या गाडग्यात घेऊन खायची, आणि पुढच्या गावाला चालू लागायचे. गाडग्यावरून लोकांनीच नाव पाडले. बारा वर्षे असे हिंडले. मागे कुंताबाई आणि सखूबाई यांनी जे सोसले त्याविषयी आपल्या मासिकांतून कमीच लिहिले जाते. संसार टाकणाऱ्याचे कौतुक होते, ज्यांच्यावर तो पडला त्यांचे होत नाही. असो.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन म्हणून गाव आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नदीच्या गाळात यात्रेकरू घसरत, बायाबापड्या पडत. बाबा तिथे गेले ते गाळ तुडवायलाच. लोकांना हात देऊन उतरवले, रस्ता झाडला, आणि पुढे तिथे घाट बांधवला. पुण्य मिळवायला आलेली माणसे नदीत उतरत होती, तेव्हा हा माणूस कडेला खराटा घेऊन उभा. मूर्तिजापूरला त्यांनी गोरक्षणाची सोय केली. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू आणि मुंबई येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईला इस्पितळात रोगी घेऊन आलेल्या गरिबाला रात्री पाठ टेकायला जागा नसे, तिचीही आठवण बाबांनी ठेवली.

कीर्तन त्यांचे वेगळेच. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री गावकऱ्यांची मने झाडायची. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्याला प्रश्न विचारीत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढीत. तुकोबांचा आधार घेत, गोपाळाचे नाम घेत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे पशू मारू नका, दारूला शिवू नका, पोरांना शाळेत घाला, माणसाला शिवायला भिऊ नका, हा त्यांचा विषय. देव भुकेला नाही, त्याला तुमचे बकरे नको, हे ते शंभर तऱ्हांनी सांगत.

आता आपल्या मंडळींत जो प्रश्न नेहमी निघतो तो घेऊ. बाबा आषाढीला पंढरीत येत, वाळवंट झाडीत, माणसांना जेवू घालीत, पण देवळात जाऊन पायांवर डोके ठेवीत नसत. म्हणून काही जण म्हणतात, हे कसले वारकरी? प्रश्न खोटा नाही. चरणस्पर्शासाठी रात्ररात्र रांगेत उभे राहणाऱ्याला तो पडणारच. परंतु बाबांनी पंढरीत काय बांधले ते बघावे. त्या वेळी अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या वारकऱ्याला पांडुरंगाच्या दारी प्रवेश नव्हता आणि गावात मुक्कामालाही जागा नव्हती. चोखोबांच्या नावाने त्यांच्यासाठी धर्मशाळा बाबांनी उभी केली. ज्यांच्यासाठी दार बंद आहे ते बाहेर उभे असताना आपण आत जावे, हे बाबांच्या मनाला पटले नसेल, असे मी समजतो. मंदिराचे दार सर्वांना उघडले ते साने गुरुजींच्या 1947 च्या मे महिन्यातील उपोषणानंतर. तोपर्यंत विठोबा बदलला नव्हता, दार बंद करणारे आपणच होतो. ती धर्मशाळा पुढे 1949 साली बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. दोघांचा एकमेकांवर मोठा लोभ होता.

भरवशाची खरी परीक्षा मात्र 1923 साली झाली. बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनाला उभे होते. मुलगा गोविंदा पिसाळलेले कुत्रे चावून गेला, असा निरोप तिथे आला. समोर लोक बसलेले. ज्या माणसाने जन्मभर सांगितले की देव कोणावर कोपत नाही, त्याच्या पोटच्या पोराला असे मरण. बारशाला भिववणारे म्हातारे त्या दिवशी असते तर म्हणाले असते, पाहिलेस ना, बकरे दिले नाहीस. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. जगात अशी किती लेकरे गेली, त्यातल्या आपल्या एकासाठी किती रडायचे, एवढ्याच अर्थाचे बोलून ते पुढे चालू लागले. हे कोणाला कठोर वाटते. मलाही वाचताना पहिल्याने तसेच वाटले. पण विचार केल्यावर दिसते, की देवाने माझे काय बिघडवले म्हणून त्यांनी विचारले नाही आणि आता काय द्यावे म्हणूनही विचारले नाही. बापाच्या वेळी जो हिशेब घरात मांडला जाई, तो त्यांनी मुलाच्या वेळी मांडला नाही. पोराच्या आईचे काय झाले असेल, ते तिलाच माहीत.

यानंतरही तेहतीस वर्षे बाबा हिंडत राहिले. लाखोंच्या इमारती झाल्या, पण स्वतः ते कोणत्याही धर्मशाळेत मालक म्हणून राहिले नाहीत. संस्थांवर विश्वस्त नेमले आणि आपल्या नातलगांना त्यांवर हक्क ठेवला नाही. शिष्य केला नाही, पाया पडू दिले नाही. पाया पडायला येणाऱ्याला काठी दाखवीत.

1956 च्या डिसेंबरात बाबा फार थकले. 6 तारखेला बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 20 डिसेंबरला, बाबांना मोटारीतून अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा प्राण गेला. समाधी अमरावतीला आहे, त्या भागाला गाडगेनगर म्हणतात. महाराष्ट्र सरकारने 2000 साली ग्रामस्वच्छतेची मोहीम त्यांच्या नावाने सुरू केली आणि 2005 साली अमरावतीच्या विद्यापीठाला या निरक्षर माणसाचे नाव दिले. ऋणमोचनला पौषात अजून यात्रा भरते. पूर्णेला पाणी असले की लोक पायऱ्यांनी उतरून स्नान करतात.