वानलेसवाडीचे वानलेस कोण होते?

शिराळ्याहून मोठ्या ऑपरेशनसाठी निघालेला पेशंट आजही इस्लामपूर, कराड नाहीतर सांगली-मिरजेची वाट धरतो. आम्हीही कुणाचे कागद, कुणाचा डबा, कुणासाठी रक्तदाते घेऊन या वाटेने अनेकदा गेलो आहोत. सांगली आणि मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी लागते. हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्यांची ओळख आपल्या तरुणांना असली पाहिजे.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेऊन १८८९ मध्ये ते पत्नी मेरी यांच्यासह अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीला आले. तिथे दवाखाना चालवल्यावर त्यांनी मुक्काम मिरजेला हलवला. मिरज रेल्वेचे जंक्शन होते. लांबचा रुग्णही तिथे पोहोचू शकत होता. १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय सुरू झाले. मोतीबिंदू, मूतखडे, गाठी घेऊन माणसे येऊ लागली.

तो काळ लक्षात घेतला पाहिजे. १८४६ मध्ये इथर आणि १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म येण्यापूर्वी रुग्णाला माणसांनी दाबून धरायचे आणि सर्जनने घाईघाईने कापायचे, अशी शस्त्रक्रिया होती. भूल आली आणि सर्जनला सावकाश, नीट काम करता येऊ लागले. पण क्लोरोफॉर्म थोडा जास्त झाला तर श्वास थांबे, हृदय बंद पडे. त्यामुळे सुरी धरणाऱ्याइतकाच उशाशी बसून श्वास आणि नाडी पाहणारा माणूस महत्त्वाचा. हत्यारे उकळणारा, जखम धुणारा, रात्री उठून पाहणारा माणूसही तितकाच महत्त्वाचा. एकट्या डॉक्टरच्या हातात जादू असून भागत नाही.

वानलेस यांचे मोठेपण आम्हाला इथे दिसते. स्वतः नामांकित सर्जन असूनही सगळे काम त्यांनी स्वतःभोवती बांधून ठेवले नाही. १८९७ मध्ये मिरजेत परिचारिकांचे शिक्षण आणि वैद्यकीय शाळा सुरू झाली. इथल्याच मुलामुलींना त्यांनी घडवले. कुष्ठरुग्णांसाठी निवारा उभा राहिला, पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामही. १९२८ मध्ये त्यांना सर किताब मिळाला आणि त्याच सुमारास ते निवृत्त झाले. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. रुग्णालय मात्र थांबले नाही, कारण काम सांभाळणारे हात तयार होते. नेतृत्व याला म्हणतात.

ते मिशनरी होते आणि धर्मप्रसार हाही त्यांच्या कामाचा हेतू होता. तो लपवण्याचे कारण नाही. पण त्यासाठी त्यांची सेवा नाकारण्याचेही कारण नाही. पू, रक्त, मळ यांना हात लावणे हलके मानणाऱ्या समाजात त्यांनी तेच काम शिक्षणाचा विषय केले.

राजर्षी शाहू महाराजांचा आणि वानलेस यांचा स्नेह होता. महाराजांनी मिरजेचे काम जवळून पाहिले होते. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानच्या दवाखान्यांसाठी हुकूम काढला: अस्पृश्य रुग्णांना बरोबरीने वागवायचे, ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी नोकरी सोडायची. दवाखान्यात कौशल्य असून उपयोग नाही. ते कौशल्य कुणाच्या अंगाला हात लावते, हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांसाठी जगण्यामरण्याचा होता.

आजारी पडलेल्या, कुणी विचारत नसलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदांच्या मदतीने स्वतः धुतले, हा प्रसंग आपण विहारात ऐकतो. तो वॉर्डातही आठवला पाहिजे. आपली आजी ऑपरेशननंतर कळ सोसत गप्प पडून राहते. सिस्टरांना त्रास कशाला, असे ती म्हणते. पण न शमलेली वेदना नुकसान करते. दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो. दुखते म्हणून तो उठत नाही, आणि पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. वेदना कमी करणे हा उपचाराचाच भाग आहे, मेहेरबानी नव्हे.

म्हणून शिराळ्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांना आमचे सांगणे आहे. पेशंटबरोबर जाल तेव्हा कागद सांभाळा, पण त्याच्याजवळही बसा. शून्य ते दहा यांत दुखणे किती, हे त्याला विचारा आणि तो आकडा सिस्टरांना सांगा. भूल देण्यापूर्वी जुने आजार, औषधे, ॲलर्जी, शेवटचे खाणे, काहीही लपवू देऊ नका. गोळी मनाने देऊ नका, डॉक्टरांना विचारा. आणि आपल्या मुलामुलींपैकी काहींनी नर्सिंगला, ऑपरेशन थिएटरच्या तंत्रज्ञानाला, भूलशास्त्राला जावे.

पुढच्या वेळी वानलेसवाडी ओलांडताना हे आठवा.