वादसभेतील विद्यार्थी, समाजसभेतील सुधारक : कै. गोपाळ गणेश आगरकर

आपल्या ज्ञातीतील मुलेमुली अलीकडे महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत भाग घेतात, कोणी जिल्ह्याबाहेर तर कोणी प्रांताबाहेर जाऊन ढाल किंवा चषक घेऊन येतात, आणि मंडळाच्या वार्षिक संमेलनात त्यांचा सत्कार होतो. ही गोष्ट अभिमानाची खरीच. परंतु व्यासपीठावर मिळवलेल्या वाक्पटुत्वाचे पुढे आयुष्यात काय करावयाचे, हा प्रश्न सत्काराच्या हारांखाली झाकून जातो. त्याचे उत्तर ज्यांनी स्वतःच्या जीवनाने दिले, ते कै. प्राचार्य गोपाळ गणेश आगरकर आपल्याच ज्ञातीत जन्मले. म्हणून त्यांचे चरित्र या स्मरणिकेत थोडक्यात देत आहे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील टेंभू या खेड्यात झाला. घरची स्थिती अत्यंत हलाखीची. कऱ्हाडास थोडे शिक्षण झाल्यावर पोटासाठी त्यांना कचेरीत उमेदवारी करावी लागली. पुढील शिक्षणासाठी ते पायी रत्नागिरीस गेले, परंतु तेथे सोय न लागल्यामुळे परत आले. अखेर नातलगांच्या आश्रयाने ते अकोल्यास पोहोचले. आपला यवतमाळचा मुलूख आणि अकोला त्या काळी एकाच वऱ्हाड प्रांतात मोडत. त्यामुळे या थोर पुरुषाच्या विद्याभ्यासाचा पाया आपल्या वऱ्हाडच्या भूमीत घातला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे विद्वान गुरू त्यांना लाभले. १८७५ साली तेथून मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

पुण्यास तो काळ वक्तृत्वाच्या बहराचा होता. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला त्याच सुमारास सुरू झाली होती, आणि तरुणांना उत्तेजन मिळावे म्हणून वक्तृत्वाच्या स्पर्धा होत. आज आपली मुले स्पर्धेस जातात ती कीर्तीसाठी व अनुभवासाठी. आगरकर गेले ते कॉलेजची फी व खानावळीचा खर्च भागविण्यासाठी. शिष्यवृत्ती, वृत्तपत्रांतील लेखन आणि वक्तृत्वाची बक्षिसे यांवर त्यांनी आपले शिक्षण पार पाडले. अंगात घालावयास एकच सदरा. तो रात्री धुवून वाळत टाकावा व सकाळी घालून कॉलेजात जावे, असा त्यांचा क्रम असल्याचे सांगतात. १८७८ साली ते बी. ए. झाले.

याच कॉलेजात त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी गाठ पडली. दोघेही बुद्धिमान, दोघेही हट्टी. देशाच्या उद्धाराचा मार्ग कोणता, यावर त्यांचे तासन् तास वाद चालत. या वादांना परीक्षक नव्हता आणि बक्षीसही नव्हते. पण त्यांतूनच सरकारी नोकरी न पत्करता शिक्षणाला वाहून घेण्याचा निश्चय झाला. एम. ए. झालेल्या मुलाला मोठ्या पगाराची जागा मिळून घरचे दारिद्र्य फिटेल, अशी आशा आईने धरणे स्वाभाविक होते. परंतु मुलाने आईला पत्र लिहून, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकहितासाठी घालविणार असल्याचे नम्रपणे कळविले.

न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली निघाले. पाठोपाठ जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' सुरू झाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणातील लिखाणामुळे १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. शाळेत मराठी शिकविणाऱ्यांनी लक्षात ठेवावे अशी एक गोष्ट म्हणजे, वाक्यांच्या पृथक्करणावर मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहिणारे आगरकरच. वाक्याचे अवयव जसे त्यांनी वेगळे करून दाखविले, तसेच ते रूढीचेही करीत : यातील धर्म किती, सवय किती आणि भीती किती!

या तपासणीतूनच टिळकांशी त्यांचा मतभेद विकोपास गेला. स्वराज्य आधी की समाजसुधारणा आधी, असा तो वाद होता. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते. आगरकरांनी १८८७ साली 'केसरी' सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात 'सुधारक' काढला. बालविवाह बंद व्हावेत, विधवांचे केशवपन थांबावे, त्यांना पुनर्विवाहाची मोकळीक असावी, मुलींना मुलांप्रमाणेच व मुलांबरोबरच शिक्षण मिळावे, अशी मते त्यांनी निर्भीडपणे मांडली.

स्पर्धेतील वक्त्याला अनुकूल वा प्रतिकूल कोणतीही बाजू वाट्यास येते, आणि ती मांडून तो टाळ्या घेऊन घरी जातो. आगरकरांनी जी बाजू घेतली तिला टाळ्या नव्हत्या. सनातनी मंडळींनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा पुण्याच्या रस्त्यांतून काढली. त्यांचा छळ करणारे व त्यांना वाळीत टाकू पाहणारे बरेचसे आपल्याच ज्ञातीचे होते, हे आपण विसरता कामा नये. तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांनी देह ठेवला. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिताना टिळकांनाही अश्रू आवरले नाहीत, अशी आठवण सांगितली जाते. वाद कसा करावा व वैर कोठे थांबवावे, हे त्यावरून शिकावे.

आज मंडळाच्या सभागृहात आगरकरांचे नाव घेताना आपली मान ताठ होते. पण ज्यांची प्रेतयात्रा आपल्या पूर्वजांच्या पिढीने पाहिली, किंबहुना काहींनी काढलीही, त्यांना आपले म्हणण्याचा अधिकार केवळ जन्माने मिळत नाही. आपल्या घरातील विधवा भगिनीला हळदीकुंकवास मानाने बोलावले जाते काय? लग्नाच्या बोलणीत मुलीच्या पित्याला खाली पाहावे लागत नाही काय? मुलाइतकाच खर्च मुलीच्या शिक्षणावर होतो काय? घाटंजीसारख्या लहान गावात हे प्रश्न उघडपणे विचारणे सोपे नाही, कारण येथे सर्वजण सर्वांना ओळखतात. म्हणूनच ते विचारण्याचे मोल येथे अधिक आहे.

आपल्या मुलांनी वादसभा अवश्य गाजवाव्यात. मात्र ढाल घेऊन घरी आलेल्या मुलाने किंवा मुलीने जर याच विषयावर घरातील वडीलधाऱ्यांना नम्रपणे एखादा प्रश्न विचारला, तर त्यांना गप्प बसवू नये; त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि पटल्यास तसे वागावे. आगरकरांचे स्मरण करण्याचा याहून सरळ मार्ग मला तरी दिसत नाही.